सासूच्या पोटातला कोनाडा

"आता कोणी बाहेर जायचं नाही," शैलजा निरभवणे म्हणाल्या आणि त्यांनी हँगरच्या छोट्या दाराला आतून कडी घातली. आवाज जराही चढवला नव्हता.

"मीसुद्धा?" मी विचारलं.

"तुम्हीसुद्धा. बॅग आणा इकडे."

मी बॅग दिली. त्यांनी वही, डबा, रुमाल, चष्म्याचं घर असं एकेक काढून टेबलावर मांडलं. पेन उलटसुलट करून पाहिलं. पेनाचं टोपण गेटवरच काढून घेतलं होतं, अंगठी, घड्याळ आणि मोबाइलसोबत. विमानाजवळ जाणाऱ्या माणसाच्या अंगावर सुटून पडेल असं काही राहू द्यायचं नाही, हा तिथला पहिला नियम. दुसरा नियम मला त्या दुपारी कळला.

एक पाना कमी होता.

मी तेव्हा एका दैनिकात रविवारच्या पुरवणीचं काम बघत होतो. वायुसेना दिन जवळ आला होता आणि संपादकांनी विषय दिला होता: आजवरचं सर्वश्रेष्ठ लष्करी विमान कोणतं? निवृत्त अधिकाऱ्यांच्या मुलाखती माझ्याकडे होत्या. पण त्या सगळ्या एकाच छापाच्या निघाल्या. म्हणून मी खटपट करून शहराबाहेरच्या विमानदुरुस्तीच्या कारखान्यात एका दुपारची परवानगी मिळवली. वैमानिक विमानाबद्दल प्रेमाने बोलतो, पण विमानाचं पोट उघडून बघणारा माणूस काय म्हणतो, ते मला हवं होतं. मजकूर त्याच संध्याकाळी द्यायचा होता.

हँगरच्या मधोमध विमान घोडीवर चढवून ठेवलं होतं. त्याचं नाव लिहायचं नाही अशी अट होती आणि ती मी अजून पाळतो. अडचण अशी काहीच नाही, कारण तिथली माणसंही नाव घेत नसत. पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्तीला येणारं जुनं विमान म्हणजे 'सासू', आणि तिच्या जागी आलेलं नवं म्हणजे 'सून'. घोडीवर होती ती सून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं चाचणी-उड्डाण होतं.

पाना हरवला होता तो नाना खैरनारांच्या पेटीतला. त्या पेटीत प्रत्येक हत्यारासाठी त्याच्याच आकाराची खाच कोरलेली होती. एक खाच रिकामी होती. बोटभर लांबीची, एका टोकाला गोल.

"पाना सापडेपर्यंत विमान उडणार नाही आणि इथून माणूस हलणार नाही," शैलजाबाईंनी मला समजावलं. त्या तपासनीस होत्या. त्यांच्या सहीशिवाय विमान दाराबाहेर जात नसे. "वाईट वाटून घेऊ नका. मी माझ्या सख्ख्या भावालाही सोडलं नसतं."

"खरंच नाही सोडलं," बोरस्ते म्हणाला. "मागं तो इथं रंगकामाला होता. त्याच्या साखरपुड्याला नवरदेवच उशिरा."

बोरस्ते चाळिशीतला, गोल चेहऱ्याचा, सुनेवरच शिकून तयार झालेला कारागीर. नाना त्याच्याहून खूप मोठे. सगळं आयुष्य सासूच्या पोटात काढलेले आणि अलीकडेच सुनेकडे वळलेले. अंगाने बारीक, मनगटं मात्र जाड. तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. कँटीनमध्ये शाल-श्रीफळाची तयारी होती, घरची मंडळी येऊन बसली होती, मालेगावहून व्याहीही आले होते. नानांच्या नावावर इतक्या वर्षांत एकही हत्यार हरवल्याची नोंद नव्हती. हे मला बोरस्त्यानं सांगितलं, नानांनी नाही.

शोध आधीच झाला होता. विमानाखालची फरशी, कचऱ्याचा डबा, चिंध्यांचं पोतं, सगळ्यांचे खिसे. शैलजाबाईंनी टोकाला कॅमेरा असलेली लवचीक नळी विमानाच्या पोटात घालून जिथवर दिसत होतं तिथवर पाहिलं होतं. पाना नव्हता.

"शैलजा, मी सांगतो ना," नाना म्हणाले. "विमानात नाही तो. माझा पाना विमानात राहत नाही."

"मग कुठंय, नाना?"

"ते सांगता आलं असतं तर इथं बसलो असतो का?"

शैलजाबाई पहिल्यांदा कामाला लागल्या त्या नानांच्या हाताखाली. त्यांना पाना धरायला शिकवलं ते नानांनी. त्या पेटी समोर ठेवून बसून राहिल्या.

दाराला हातभर रुंदीची जाळीची खिडकी होती. थोड्या वेळानं तिथं व्यवस्थापक कोठावळे साहेबांचा चेहरा आला.

"काय झालं? कँटीनमध्ये लोक ताटकळलेत."

"पाना कमी आहे साहेब."

"दार उघडा, मी बघतो."

"आत आलात तर तुम्हालाही पाना सापडेपर्यंत बाहेर जाता येणार नाही," शैलजाबाई म्हणाल्या.

कोठावळे साहेब बाहेरच राहिले. जाळीतून बोलू लागले. विमान आधीच लांबलंय, वर काय उत्तर द्यायचं, सगळीकडे पाहिलं ना, मग तो विमानात नाही हे सिद्धच झालं. नानांनी लिहून द्यावं की पाना झिजला होता म्हणून आठवड्यापूर्वीच भंगारात टाकला, नोंद करायची राहिली. एवढ्यानं भागेल.

"खोटं कसं लिहू?" नाना म्हणाले.

"खोटं काय त्यात? पाना विमानात नाही, हे खरं ना?"

"ते खरं."

"मग झालं. कागद टाइप करून आणतो."

त्यांच्या मागून आणखी एक चेहरा डोकावला. तरुण, मिशा कोरलेल्या, अंगात उड्डाणाचा डगला. सकाळी सून उडवणार होते ते स्क्वाड्रन लीडर पालेकर.

"नाना, आज तुमची पार्टी आणि तुम्ही कोंडून घेतलंय होय?" ते म्हणाले. "माझं विमान तयार आहे ना?"

"तयार आहे साहेब."

"मग मी निवांत झोपतो." चेहरा जाळीतून दिसेनासा झाला. पाठोपाठ साहेबही गेले.

हँगर पत्र्याचं. ऑक्टोबरची उन्हं वरून उतरत होती आणि पंखे, धूळ उडते म्हणून, बंद. पाणी प्यायचं तर कोपऱ्यातल्या माठाशी जाऊन प्यायचं आणि तिथंच पेला ठेवायचा. मी मनात पुरवणीच्या पानाची जुळणी करून पाहिली. सातपर्यंत मजकूर गेला नाही तर रात्रपाळीचा उपसंपादक तिथं काहीतरी भरणार, हे ठरलेलं. फोन गेटवर. निरोप द्यायला माणूस नाही.

"पत्रकारसाहेब, तोंड कशाला पाडता?" बोरस्ते म्हणाला. "तुम्हाला आमची मतं पाहिजे होती ना? घ्या. पळून जाणार कोण? काढा तुमची यादी."

मी वही उघडली. अधिकाऱ्यांनी सांगितलेली नावं वाचली. स्पिटफायर, मस्टँग, ब्लॅकबर्ड, हंटर.

"ब्लॅकबर्ड," बोरस्ते म्हणाला. "एवढी वर्षं शत्रूवरून फिरलं, एकदाही कोणाला पाडता आलं नाही. क्षेपणास्त्र मागं लागलं की हे आपलं वेग वाढवून निघून जायचं."

"आणि जमिनीवर उभं असलं की टाक्या गळायच्या," मी म्हणालो. "वर तापून पत्रा फुगला की मगच सांधे बसत."

नानांनी मान वर केली. "गळायचं?"

"तसंच बनवलं होतं."

"गळणारं विमान आणि सर्वश्रेष्ठ? ही शैलजा ते दाराबाहेर तरी जाऊ देईल का?"

शैलजाबाई हसल्या. कडी घातल्यापासून पहिल्यांदाच.

"माझं मत डाकोटाला," मी म्हणालो. खरं म्हणजे माझं काही मत नव्हतं, पण बोलणं चालू राहायला हवं होतं. "सत्तेचाळीस साली श्रीनगरला सैन्य उतरवलं ते डाकोटांनी. ती वेळेवर पोचली नसती तर विमानतळच राहिला नसता."

"ते मालवाहू हो. मालाचा टेम्पो," बोरस्ते म्हणाला.

"टेम्पो वेळेवर पोचला म्हणून लग्न लागलं," नाना म्हणाले. "वऱ्हाडाला ते कळत नाही."

"मग तुमचं मत डाकोटाला?"

"छे. माझं मत सासूला."

"आलं," बोरस्ते माझ्याकडे वळला. "लिहून घ्या. नानांना रात्री झोपेत विचारलं तरी सासूच. अहो, तुमच्या सासूत तेल किती मावायचं? उडाली की परतायची घाई. माझी सून बघा. दोन माणसं, केवढा पल्ला, हवेतल्या हवेत इंधन घेते. सासू म्हणजे नळकांड्याला पंख."

"नळकांडं तर नळकांडं. पण पोरांना उडायला शिकवलं कोणी? ह्या देशातली निम्मी पोरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. तुझ्या सुनेला काय धाड भरलीय? पडद्यावर सगळं दिसतं. सासूत पोरगा एकटा असायचा, तो आणि ती."

"आणि तिनं किती पोरं खाल्ली, तेही सांगा."

बोरस्ते बोलून गेला आणि गप्प झाला. माठाच्या नळातून खालच्या बादलीत थेंब पडत होते, तेवढेच ऐकू येत होते. मग नाना शांतपणे म्हणाले, "माझ्या हातून गेलेल्यातली सगळी परत आली. तेवढंच मी सांगू शकतो."

मी ते लिहून घेतलं. चांगलं वाक्य होतं, मथळा होण्यासारखं.

बोरस्त्याला बहुधा विषय हलका करायचा होता. "बरं, लढाईचं राहू द्या. दुरुस्तीचं बोलू. सासूच्या पोटात शिरायचं तर माणूस आधी उपाशी ठेवावा लागायचा. सुनेच्या पोटात बसून डबा खाता येईल."

"म्हणूनच तू सुटलास," नाना म्हणाले. "सासूत जागा नव्हती, पण जी होती ती कामाची होती. जिथं हात जाईल तिथं काहीतरी हाताशी असायचं. ज्यानं तिला आखलं, त्यानं आधी स्वतः आत झोपून बघितलं असणार."

"काहीतरीच. जागा नव्हती ती नव्हतीच."

"तुला दाखवतोच." नाना उठले. दोन रिकाम्या घोड्या त्यांनी एकमेकींजवळ ओढल्या, फरशीवर कापड टाकलं आणि उताणे झोपून खांदे आक्रसत त्या फटीत सरकले. साठीकडे झुकलेला माणूस, पण अंग पाण्यासारखं आत गेलं. "हे बघ. छातीवर हा दांडा. डोकं इथं. उजेड नाही. डाव्या हातानं नट चाचपायचा, तो दिसत नाहीच. उजव्या हातात आखूड पाना. असा पाव फेरा. परत पाव. हं, आवळला."

त्यांचे डोळे मिटलेले होते. बोटं हवेत काम करत होती आणि मला शपथेवर सांगता येईल, तो नट मला दिसत होता.

"आता तार बांधायची. नट सुटू नये म्हणून. तिला दोन्ही हात लागतात."

"मग पाना कुठं ठेवायचात, नाना?" शैलजाबाईंनी विचारलं. वादात तोंड घालण्याची त्यांची ही पहिली वेळ.

"कुठं म्हणजे? कोनाड्यात." नानांचा उजवा हात डोक्यावरून डावीकडे गेला, न बघता, घरात दिव्याचं बटण दाबावं तसा. अंगठा आणि दोन बोटं मिटली, उघडली. "इथं सासूला कोनाडा होता. अगदी देवघरातल्यासारखा. पाना ठेवायचा, तार बांधायची, पाना घ्यायचा. त्यासाठी बघावंही लागत…"

ते थांबले. हात तिथंच, डोक्यामागं, वर राहिला.

बोरस्ते हसत होता. "बघावंही लागत नाही. मग? पुढं?"

नाना डोळे उघडून छपराकडे बघत राहिले. मला वाटलं पाठीत चमक भरली. मी उठून हात द्यायला गेलो, तर शैलजाबाईंनी मला मनगटाशी धरून मागं बसवलं. त्यांची नजर नानांच्या त्या हातावर होती. बोरस्त्यानं आमच्याकडे पाहिलं, मग विमानाकडे, आणि त्याचंही हसू मावळलं.

जाळीवर टकटक झाली. कोठावळे साहेब कागद घेऊन आले होते. जाळीच्या खालच्या फटीतून त्यांनी तो आत सरकवला, मागोमाग पेन.

"घ्या नाना. एक सही तुमची, एक मॅडमची. तिकडे हार सुकायला लागलेत."

नाना फटीतून बाहेर आले. शिरताना लागला त्याहून किती तरी जास्त वेळ त्यांना निघायला लागला. त्यांनी कागद उचलला आणि चष्मा नाकावर खाली ओढून वाचला. दोनदा वाचला. शैलजाबाई पेटीजवळच बसून होत्या. त्यांनी एक शब्दही काढला नाही. हे मला तेव्हा निर्दय वाटलं होतं. त्यांना कळलेलं होतं, ते बोलून टाकायचं की.

"नाना?" साहेब म्हणाले. "बायको-मुलं वाट बघतायत हो. इतक्या वर्षांचं स्वच्छ नाव. आज शेवटच्या दिवशी कशाला घोळ?"

"पालेकर साहेब कुठायत?"

"कँटीनमध्ये. तुमच्या नातवाला विमानाच्या गोष्टी सांगतायत. का?"

नानांनी कागदाची घडी घातली. सरळ, नीट, कडेला कड लावून. मग ती जाळीच्या फटीतून परत बाहेर सरकवली. पेनही.

"सुनेचं डाव्या बाजूचं झाकण उघडावं लागेल," ते म्हणाले.

"ते सील झालंय."

"सील तोडावं लागेल. पाना आत आहे."

"तुम्हीच तर म्हणालात…"

"म्हणालो. चुकलो. सकाळी शेवटचा नट मी आवळला. तार बांधायच्या वेळी पाना कोनाड्यात ठेवला. सुनेला कोनाडा नाही, साहेब, तिच्यात पाना कमरेच्या पिशवीत टाकायचा असतो. तिथं भोक आहे. शेपटीकडे जाणारे दांडे त्यातून जातात."

कोठावळे साहेबांना ते समजायला एक क्षण लागला. ते दांडे हलतात तेव्हा विमान नाक वर उचलतं. मला हे बोरस्त्यानं नंतर सांगितलं. वैमानिक विमान चालवायची काठी मागं ओढेल आणि पान्याएवढ्या लोखंडापाशी ती अडकेल.

"उद्याचं उड्डाण?" साहेबांनी विचारलं. आवाज पार उतरला होता.

"उद्याचं नाही. आठवड्याचं काम आहे. दांडे काढून परत जुळवावे लागतील." नाना शैलजाबाईंकडे वळले. "शैलजा, तू लिही. ठेवलं कोणी, का ठेवलं, सगळं. आज शेवटचा दिवस आहे म्हणून काही गाळू नको."

"नाही गाळणार," त्या म्हणाल्या.

झाकण उघडायला बराच वेळ गेला. बोरस्त्यानं एकेक स्क्रू काढून वाटीत टाकला आणि शैलजाबाईंनी तो मोजून घेतला. नानांना त्यांनी हात लावू दिला नाही. तोही नियमच होता. ते स्टुलावर बसून राहिले, हात मांडीवर, तळवे वर. कोणी विमानांबद्दल बोललं नाही. माझ्या वहीतला शेवटचा शब्द 'कोनाड्यात' हा होता. पुढं काय लिहावं ते मला सुचेना, आणि आज लिहितोय त्याआधी कधी सुचलंही नाही. पुरवणीत त्या जागी शब्दकोडं गेलं.

बोरस्ते आत शिरला. दिवा हलला. मग त्याचा आवाज आला, "आहे."

दोन दांड्यांच्या मधे, आडवा. त्यानं तो चिमट्यानं काढून शैलजाबाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी पुसून खाचेत बसवला आणि पेटी बंद केली. मग जाऊन कडी काढली. बाहेरची हवा एकदम आत आली. कोठावळे साहेब दारात उभे होते, पण आत यायचं त्यांना सुचलं नाही. त्यांच्या मागं एक बाई उभी होती, नवं नऊवार, हातात पिशवी. नानांची बायको असणार.

"चला नाना," बोरस्ते म्हणाला. "लोकं थांबलेत."

नाना उठले. त्यांनी पायांतले बूट काढून बाजूला ठेवले. "शैलजा, मला एकदा आत जाऊ दे."

"कशाला?"

"पाना नको. पाना राहू दे पेटीत. रिकाम्या हातानं जातो."

शैलजाबाईंनी क्षणभर विचार केला. मग खिसे तपासले, बाह्या तपासल्या, आणि मान हलवली. नाना सुनेच्या पोटात शिरले. बाहेर फक्त पायमोजे दिसत राहिले.

आतून नट आवळल्यासारखी हालचाल झाली. थांबली. मग बाही पत्र्यावर घासल्याचा आवाज आला. हात वर गेला असणार, डावीकडे, डोक्यामागं. मग नानांचा आवाज: "नाही." परत घासल्याचा आवाज. या वेळी हात कमरेच्या पिशवीपाशी आला, ते पिशवीच्या बटणाच्या आवाजावरून कळलं. मग परत पहिल्यापासून. वर. "नाही." खाली. पिशवी.

बोरस्ते खाली वाकला. "नाना, उद्यापासून ना सासू, ना सून. आता शिकून करायचं काय?"

"तू हो पुढं," आतून आवाज आला. "चुकीचा हात घेऊन घरी जात नाही मी."

बोरस्ते गेला नाही. शैलजाबाई गुडघे टेकून खाली बसल्या आणि त्यांनी दिवा आत धरला.

"दिवा बाजूला घे, शैलजा," नाना म्हणाले. "अंधारातच जमलं पाहिजे."

त्यांनी दिवा मालवला.